मोठीच्या वाट्याचा भात

माझं लग्न झालं तेव्हा मला सोळावं लागलं होतं आणि नवऱ्याचं ते दुसरं लग्न होतं. त्यांची पहिली बायको दोन वर्षांपूर्वी, आठव्या महिन्यात, लेकरू पोटात असतानाच गेली होती. मला आई नव्हती. काका-काकूंनी वाढवलं आणि बिजवराला दिलं, यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती, आमचा भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात मोडायचा. तिरोड्याच्या स्टेशनापासून बैलगाडीनं दोन तासांवर माझं सासर. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, त्यांच्या वर एक बोडी, पावसाचं पाणी साठवायचं लहान तळं, आणि घरात आम्ही तीन माणसं: सासू, नवरा आणि मी.

लग्नात मंगळसूत्राबरोबर सासूनं माझ्या गळ्यात चांदीचा एक पातळ पत्रा बांधला. त्यावर ठोकून उमटवलेली बाईची आकृती होती. पहिली गेलेली असेल तर दुसरीनं तिचा टाक गळ्यात घालायचा, ही आमच्याकडची रीत. काकूनं आधीच सांगून ठेवलं होतं, "भिऊ नोको. तुही मोठी बहीण समज तिले." घरात तिचं नाव कोणी घेत नसे. ती मोठी आणि मी लहानी.

पहिल्या अमावस्येला सासूनं दुपारी तीन थाळ्या वाढल्या. नवरा तर वावरात होता. मी विचारलं, "माय, तिसरी कोनाची?"

सासूनं तिसरी थाळी उचलली. माजघराच्या मागं धानाची खोली होती. तिथं बांबूच्या तट्ट्याची, शेणामातीनं लिंपलेली माझ्यापेक्षा उंच ढोली होती, धान साठवायची. ढोलीपुढं तिनं पाट मांडला, थाळी ठेवली, तांब्या ठेवला आणि दार ओढून घेतलं. मग दाराकडं पाठ करून उभी राहिली. एखाद्या बाईला निवांत जेवायला जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ. उन्हाचा पट्टा उंबऱ्यावरून आत सरकला. मग तिनं दार उघडलं आणि म्हणाली, "झालं तिचं. आता तू बस."

मी आपली थाळी संपवली आणि मग ती थाळीही संपवली. गार झालेला भात, वरून लाखोळीच्या डाळीचं वरण. एक शीत टाकायचं नाही, असं सासूनं बजावलं होतं. खोटं कशाला सांगू, मला ते जड गेलं नाही. काकूकडं सगळ्यांचं झाल्यावर तळाशी उरेल ते माझं असायचं. इथं दोन थाळ्या मिळत होत्या. दुसरी कोणाची, याचा मी फार विचार केला नाही.

त्या साली धान चांगलं झालं. पौष महिन्यात नवरा तांदूळ करून आणायला गोंदियाच्या गिरणीत गेला तेव्हा मलाही गाडीत घेऊन गेला. पोती तोलायच्या मोठ्या काट्यावर त्यांनी मला हसत हसत उभं केलं. हमालानं वजनं चढवली आणि ओरडला, "एक मन चार सेर! इससे भारी तो तुम्हारा बोरा है!" सगळे हसले. मी लाजून खाली उतरले. नवरा मोकळेपणी हसलेला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

पुढच्या पावसाळ्यात, धानाची रोवणी आटोपता आटोपता, मला दिवस गेले. सासूला कळलं त्या दिवसापासून अमावस्येची थाळी रोजची झाली. सकाळी पेज आणि गूळ. नंतर दूध. दुपारी माझी थाळी, मग ढोलीपुढची थाळी. तिसऱ्या प्रहरी जवसाचे लाडू. संध्याकाळी पुन्हा भात, वर तुपाची धार. तूप विकायचं बंद केलं तिनं. गाईचं सगळं दूध माझ्या एकटीच्या पोटात जायचं. मी नको म्हटलं की तिचा चेहरा असा व्हायचा, जणू मी तिला काही भयंकर बोलले.

"खाय. भूक ठेवू नोको पोटात."

"भूक नाही वो माय."

"भूक नाही म्हनू नोको. या घरात हे बोलू नोको."

गावातल्या बाया पाहून खूश व्हायच्या. बोडीवर पाण्याला गेले की म्हणायच्या, "अंग भरून राहिलं व तुहं! सासू असावी तं अशी." जाड होणं म्हणजे सुखात असणं, असाच तेव्हा हिशोब होता. मीही आरशात गाल पाहायची आणि मनातून सुखावायची. मोठीच्या चोळ्या पेटीत घडी घालून ठेवलेल्या होत्या. लग्न झाल्यावर सासूनं त्या मला दिल्या, तेव्हा त्या माझ्या अंगात लोंबायच्या. दिवाळीपर्यंत त्या अंगाला नीट बसायला लागल्या.

दिवाळीत आमच्याकडं तांदळाच्या पिठाच्या पाण्यात हात बुडवून ढोलीवर पंजे उमटवतात. मी उमटवायला गेले तेव्हा नीट पाहिलं. ढोलीच्या पोटावर एक जुना पंजा होता. आजूबाजूचं लिंपण नवं होतं, पण तेवढी जागा सासूनं दर वर्षी सोडली होती. पंज्याच्या कडेनं शेणामाती गोल फिरवून घेतलेली. बोटं आखूड, जाड, एकमेकांना चिकटलेली. मी माझा हात त्यावर नुसता धरून पाहिला. माझ्या हाताभोवती सगळीकडून पांढरी कड उरली. बाईमाणसाचा एवढा मोठा पंजा, म्हणून मला नवल वाटलं. नवऱ्याला विचारलं, "मोठी फार धिप्पाड होती का?"

ते बैलांच्या शिंगांना रंग लावत होते. म्हणाले, "नाही. तुह्यासारखीच होती. शेवटी शेवटी भरली." आणि उठून गेले.

माघात सातवा लागला. मी आता चालताना हलायची, बसले की उठायला भिंत धरावी लागायची. पायातली जोडवी रुतली. गावच्या सोनारानं ती कापून काढली, तेव्हा बोटांवर खोल खाचा राहिल्या आणि त्या दोन दिवस भरल्या नाहीत. सासू म्हणाली, "चांगलं आहे. लेकरू मोठं आहे." थाळीतला भात आणखी वाढला.

एके दुपारी ढोलीच्या खोलीचं दार उघडून मी पाटावर बसले. भाताच्या ढिगाला एका बाजूनं खळगा पडला होता. चार बोटांनी उचलावा तसा. मांजर म्हणावं तर दार लागलेलं. मी सासूकडं पाहिलं. तिनंही तो खळगा पाहिला होता. तिनं हात जोडले आणि ती हलक्या आवाजात म्हणाली, "खाते आता. आता खाते बिचारी." तो भात मी संपवला. ती समोरच बसून होती.

उठताना तोल गेला म्हणून मी ढोलीला हात टेकला. हात नेमका त्या पंज्यावर पडला. कुठंच कड उरली नाही. बोटावर बोट, तळव्यावर तळवा. मी हात काढला आणि पुन्हा ठेवून पाहिला. तसाच बसला.

मी हे कोणाला सांगितलं नाही. सांगून काय म्हणणार होते?

होळीच्या आधी कासारीण आली. ती वर्षाआड आमच्या गावी यायची, टोपलीत बांगड्या घेऊन. म्हातारी, नजर अधू, पण हातांनी माप ओळखायची. ओसरीवर तिनं माझा हात हातात घेतला, बांगडी चढवण्यासाठी अंगठ्याचं मूळ दाबलं, आणि थांबली. पुन्हा दाबलं. चेहरा जवळ आणून माझ्याकडं पाहिलं आणि टोपली मागं सरकवत म्हणाली, "तू तं मेली म्हनत होते ना व."

मी म्हटलं, "मी लहानी आहो. दुसरी."

"नाही नाही. हा हात मीनं भरला आहे. याच ओसरीवर." तिनं माझ्या मनगटावर अंगठा रोवला आणि उचलला. मांसात खळगा पडला तो तसाच राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडं बघत बसलो. कणीक दाबावी तसा दिसत होता. म्हातारी म्हणाली, "हे मांस नाही बाई. पानी आहे. तिचंही असंच होतं. मीनं तुह्या सासूले सांगतलं होतं."

आतून सासू आली. "काय सांगतलं होतं?" तिनं विचारलं. कासारणीनं टोपली उचलली आणि बांगड्या न भरताच निघून गेली. सासूनं तिला थांबवलं नाही.

त्या दिवसापासून सासू मला कधीकधी "मोठी" म्हणून हाक मारू लागली. आधी चुकून. मग चूक तिच्या ध्यानातही येईना. मोठीच्या चोळ्याही आता मला होईनात. डोळ्यांच्या पापण्या सकाळी उघडत नसत. आरशात पाहिलं की एक गोल, चकचकीत चेहरा दिसायचा, डोळे बारीक झालेले, नाक गालांत बुडालेलं. तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता, पण सासूनं पाहिला होता. ती माझ्याकडं सरळ बघेनाशी झाली. थाळी मात्र वाढायची, आणि ढोलीपुढची थाळीही ठेवायची.

चैत्र लागला. मोहाची फुलं गळत होती. भर दुपारी हवा हलत नाही तेव्हा मोहाचा वास घरात येऊन बसतो, गोड आणि जड. मला त्या वासानं मळमळायचं. डोकं ठणकायचं. डोळ्यांपुढं पांढरे ठिपके तरंगायचे आणि दारात उभी असलेली एक सासू दोन दिसायची.

त्या दिवशी दुपारी मी माजघरात भिंतीला टेकून बसले होते. बरगड्यांच्या खाली दुखत होतं. एवढं मला आठवतं. नवरा वावरातून नुकताच आला होता आणि ओसरीवर पाणी पीत होता. सासू दारात येऊन उभी राहिली. तिनं मला विचारलं, "तू कोन आहेस व?" हे मला आठवतं. तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच माहीत नसल्यासारखं तिनं विचारलं.

मी काय उत्तर दिलं ते मला आजही आठवत नाही. सासूनं आणि नवऱ्यानं, दोघांनीही ते ऐकलं आणि दोघांनीही पुढं एकच सांगितलं. मी म्हणाले, "माय, मूठभर भात दे वो."

सकाळपासून दोन थाळ्या माझ्या पोटात होत्या.

सासू नवऱ्याकडं धावली. "तीच आहे. तिनं धरलं इले. त्या मांत्रिकाले आन रे, आत्ताच्या आत्ता आन."

नवरा फार बोलणारा माणूस नव्हता. आईसमोर तर नाहीच. पण ते माझ्या जवळ आले, माझ्या चेहऱ्याकडं बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "मागच्या वेळी आनला होता मांत्रिक. लिंबू कापले, धूर केला. ती तिसऱ्या दिवशी गेली. आता मी गाडी जुंपतो."

"कुठं नेतोस?"

"गोंदियाले. बायकांच्या दवाखान्यात."

"वाटेत काही झालं म्हनजे?"

"घरात झालं ते पाहिलं ना माय आपन."

गाडीत धानाचा पेंढा पसरून त्यांनी मला निजवलं. सासू येणार नाही असं मला वाटलं होतं, पण ती पदर खोचून आली आणि माझं डोकं मांडीवर घेऊन बसली. सारा रस्ता ती माझ्याकडं न बघता समोरच्या बैलांकडं बघत होती. तिरोड्याला आगगाडी मिळाली. डब्यातल्या बायांनी आमच्याकडं पाहून न बोलता अख्खं बाक रिकामं केलं. एकीनं लेकराचे डोळे पदरानं झाकले.

दवाखान्यातली नर्सबाई पांढऱ्या लुगड्यातली, काळीसावळी, कडक. हिंदीतच बोलायची, पण तिची हिंदी गोंदियाची नव्हती, कुठल्यातरी दूरच्या मुलखातली होती. तिनं मला काट्यावर उभं केलं. लोखंडी पट्टीवरचं वजन सरकवत नेलं, आणखी सरकवलं. मग विचारलं, "पहले कितना था?"

माणसाचं वजन कोण करतं? आमच्या घरी तोललं जायचं ते धान. पण नवरा पुढं झाला आणि म्हणाला, "एक मन चार सेर."

"पक्का?"

"राइस मिल में तोले थे."

नर्सबाईनं मनाशी आकडा जुळवला. "अब पौने दो मन है," ती म्हणाली. "छोटी-सी लड़की पर इतना! दो जन का खाना खिलाते थे क्या?"

मी पहिल्यांदा तोंड उघडलं. "तीन का."

तिला कळलं नाही. तिनं माझ्या दंडाला पट्टा बांधून पंप दाबला, पाऱ्याकडं पाहिलं, पुन्हा दाबला आणि डॉक्टरीणबाईला बोलवायला गेली. मला एका कोपऱ्यातल्या खोलीत नेलं. खिडकीवर जाड चादर लावली. उजेड नको, आवाज नको, मीठ बिलकुल नको, भात नको, असं सांगितलं. मी तिथं पडून राहिले. बाहेर दुपार असताना आत कायमची तिन्हीसांज होती. चादरीच्या कडेनं उन्हाची एक रेघ यायची आणि त्या रेघेत बसून सासू माझे पाय चेपायची. चेपायची म्हणजे नुसते हात ठेवायची. दाबलं की खळगा पडतो, याचं तिला भय बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती बोलायला लागली. मला सांगत होती की मोठीला, हे मला कळत नव्हतं.

"मीनं तुले भात देला नाही," ती म्हणाली. "दाई म्हनली, जास्त खाईल तं लेकरू मोठं होईल, निघनार नाही. मीनं पेज देली. तरी तू फुगून राहिली होती. रोज पाहू तं आणखी जाड. मले वाटलं चोरून खाते. मडक्याईले दोरी बांधली. कोठीले कुलूप घातलं. तू म्हनली, माय, मूठभर भात दे वो. मी म्हनलं, फुटशील. शेवटच्या दिवशीही म्हनली. तोंडाले फेस होता तरी म्हनली."

मी डोळे मिटून ऐकत होते. मला वाटत होतं, मी उत्तर दिलं नाही पाहिजे. कोणाच्या आवाजात उत्तर येईल याची मला खात्री नव्हती. पण ती तेच तेच पुन्हा सांगत राहिली, म्हणून मी शेवटी म्हटलं, "माय, मी लहानी आहो."

"माहीत आहे मले," ती म्हणाली. आणि मग लुगड्याचा बोळा तोंडात धरून रडली.

त्याच दिवशी मला झटका आला. त्याबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण तो माझ्या आयुष्यातून कापून काढल्यासारखा गेला आहे. शुद्ध आली तेव्हा जीभ दातांखाली चावलेली होती, दंडावर सुयांच्या खुणा होत्या आणि पोट रिकामं होतं. मला वाटलं, संपलं. मग कोपऱ्यात काहीतरी मांजरासारखं कण्हलं.

मुलगी झाली होती. एवढ्या थाळ्या, एवढं दूध, एवढं तूप, आणि लेकरू पावणेदोन शेराचं. कापसात गुंडाळलेलं, सुरकुतलेलं, हातभरही नाही. ती किती लहान आहे हे पाहून सासूला विश्वास बसेना. ती नर्सबाईला पुन्हा पुन्हा विचारत होती, "सब तो खिलाया. फिर गया कहाँ?"

"इसकी देह पर चढ़ा," नर्सबाई म्हणाली. "और बहुत सारा तो पानी है. बच्चे तक कम पहुँचा."

सासू आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली, "पहलेवाली को हम खाने को नहीं दिये. फिर भी वो ऐसेच फूली थी. मुँह भी ऐसाच. हू-ब-हू."

"मैंने उसको देखा नहीं, कैसे बोलूँ. पर यही बीमारी रही होगी." नर्सबाई लेकराच्या तोंडात कापसाच्या बोळ्यानं दूध पिळत होती. "ज़्यादा खिलाना भी खराब, भूखा रखना भी खराब. और सूजन में सब औरतों का मुँह एक जैसा हो जाता है, अम्मा."

पुढच्या आठ दिवसांत माझ्या अंगातलं पाणी गेलं. दिवसातून कितीदा उठावं लागायचं याची गणती नाही. घोटे परत आले, बोटं परत आली. एका सकाळी नवरा दारातून आत आले, माझ्याकडं पाहून थबकले आणि नुसते हसले. चरबी मात्र राहिली. ती काही महिने राहिली, काही अजून आहे. पण चेहरा माझा होता.

मुलगी जगेल असं दवाखान्यात कोणी म्हटलं नव्हतं. जगू नये असंही कोणी म्हटलं नव्हतं. ती जगली. सव्वा महिन्यानंतर आम्ही घरी आलो.

घरी आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सासू नवऱ्याला म्हणाली, "गाडी जुंप. मोठीच्या मायकडं जायचं आहे." मोठी गेल्यापासून तिकडं कोणी पाऊल टाकलं नव्हतं. तिकडूनही कोणी आलं नव्हतं. नवरा म्हणाला, "कायले?" सासू म्हणाली, "मले बोलायचं आहे. आनि लहानीनंही आलं पाहिजे."

गाव सडक अर्जुनीच्या वाटेवर होतं. सकाळी निघालो ते दुपार कलता कलता पोचलो. मोठीची आई अंगणात मोहफुलं वाळवत होती. वाळलेल्या बांध्याची, उंच बाई. आम्हाला पाहून तिनं हातातलं सूप खाली ठेवलं, पण उठली नाही. माझ्या गळ्यातला टाक तिला दिसला असावा. तिची नजर तिथंच राहिली.

सासू तिच्यासमोर मातीत बसली. पाणीही मागितलं नाही. सगळं सांगितलं: दोरी बांधलेली मडकी, कुलूप, चोरीचा आळ, भात. दवाखान्यातली बाई काय म्हणाली तेही सांगितलं. "तिनं चोरून खाल्लं नव्हतं," ती म्हणाली. "तिले भूतबाधाही नव्हती. तो रोग होता. मीनं उपाशी मारली तुह्या पोरीले."

मला वाटलं, ती आता सूप उचलून फेकेल. हाकलून देईल. अंगणात मोहाच्या वासावर माश्या घोंगावत होत्या. मोठीची आई बराच वेळ मोहफुलं सारखी करत राहिली, एकेक फूल उचलून दुसरीकडं ठेवत.

मग म्हणाली, "सातव्यात आली होती ती. चार दिवस राहिली. भुकेलीच होती, मले दिसत होतं. पाय सुजले होते तेही दिसत होतं. म्हनली, माय, मले परत धाडू नोको. मीनं धाडली." तिनं सासूकडं पाहिलं. "लोक काय म्हनतील म्हनून धाडली. तुह्या एकटीचं नाही ते."

दोघी शेजारी शेजारी बसून फुलं सारखी करत राहिल्या, आणि उन्हं उतरली. मी लेकराला घेऊन ओसरीवर बसले होते. नवरा गाडीजवळ उभे होते, आत यावं की नाही ते त्यांना ठरवता येत नव्हतं.

शेवटी मोठीची आई उठली, माझ्याजवळ आली आणि लेकराच्या तोंडावरचा पदर बाजूला केला. "लहानशी आहे," ती म्हणाली. मग मला विचारलं, "तुही माय कुठची?"

"नाही मले. लहानपनीच गेली."

"बाळंतपन कोनी केलं मग?"

"यांनीच," मी सासूकडं बोट दाखवलं.

तिनं मान हलवली. आत गेली आणि कोपऱ्यातली बाज झटकून तिच्यावर गोधडी पसरली. "इथं झोप," ती म्हणाली. "चार दिवस राहा. ते दोघं जाऊ दे परत."

मी नवऱ्याकडं पाहिलं. सासूकडं पाहिलं. सासूनं मान खाली घातली, म्हणजे हो म्हटलं. दुसरीनं पहिलीच्या माहेरी लेक म्हणून जायचं, हीही रीत होती. कोणी पाळायचं, कोणी नाही. पण त्या घरात मला ओळखीचं काही नव्हतं आणि मला त्या बाजेवर बसायला भीती वाटत होती, हे खरं सांगते. गोधडीला कोणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा जुना वास होता.

गाडी गेली. धूळ बसली. मोठीची आई चुलीपुढं बसली आणि तिनं एक थाळी वाढली. बेताचा भात, वरण, मोहाची एक चपटी वडी. मी बसले. ती म्हणाली, "पोट भरलं की थांबजो. कोनी बोलनार नाही."

मी अर्ध्यावर थांबले. तिनं थाळी उचलली, उरलेला भात पाण्यात घालून ठेवला आणि लेकराला माझ्याकडून घेतलं.

पुढं माझी दोन बाळंतपणं त्याच घरी झाली. दोन्ही वेळा सातव्या महिन्यात ती मला गाडीत घालून दवाखान्यात नेऊन काट्यावर उभी करायची, आणि आकडा ऐकल्याशिवाय परत फिरायची नाही. दोन्ही मुलं नीट झाली. माझी सासूही शेवटच्या आजारात तिथंच दोन महिने राहिली. तिचा हात धरून बसलेल्या मोठीच्या आईला मी कितीदा पाहिलं आहे. एकमेकींना त्या कधी नावानं हाक मारत नसत, पण एक उठली की दुसरी उठायची.